बिनब्रेकाची लाल होडी

म्हशीचं डोकं समोर आलं तेव्हा डायव्हरनी सगळा जीव उजव्या पायात आणून ब्रेक दाबला, आणि होडी थांबायच्या ऐवजी पुढं उसळली. मी मागच्या सीटवर होते. मांडीवर गाभण शेळी होती. खाली बिंदुसरेचं धरण काठोकाठ भरलेलं होतं आणि मला पोहता येत नाही. डायव्हर हॉर्न वाजवत होते. म्हैस बघत होती. म्हैस रस्त्यावर हॉर्न ऐकत नाही, ती पाण्यात काय ऐकणार?

"मावशी, घट्ट धरा!" डायव्हर ओरडले आणि त्यांनी पुन्हा ब्रेक दाबला.

त्या होडीला ब्रेक नव्हताच. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, विकणाऱ्यालाही माहीत होतं. फक्त त्यांच्या पायाला माहीत नव्हतं.

हे डायव्हर माझ्या पाली गावातल्या घरात मागच्या खोलीत भाड्यानं राहत. सगळी उमर एसटी चालवून रिटायर झालेले. बायको कधीच वारलेली, लेक पुण्याला कंपनीत. त्यांना नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. वयानं माझ्याहून मोठे असावेत, तरी मला मावशी म्हणत. एसटीत चढणारी प्रत्येक बाई मावशीच असते, आणि त्यांच्या हिशेबानं मी अजून उतरलेलीच नव्हते.

त्यांच्याकडं एकच दागिना होता. नोकरीत एकही अपघात केला नाही म्हणून मिळालेला बिल्ला. चिंचेच्या कोळानं घासून घासून त्यावरची अक्षरं पुसट झाली होती. घरात तो बनियनला लावायचे, अंघोळीला जाताना टॉवेलला. मी एकदा म्हटलं, "डायव्हर, न्हाणीत कोणती गाडी आडवी येनार हाय?"

"मावशी, सगळ्यात जास्त मानसं न्हाणीतच घसरत्यात."

मला त्या बिल्ल्याचं कौतुक नव्हतं. कुणाला चिरडलं नाही म्हणून बक्षीस द्यायचं तर मलाही द्यायला पाहिजे होतं. पण त्यांचा सगळा जीव त्या पितळेत होता. गावात कुणी नवा माणूस भेटला की नाव सांगायच्या आधी ते छाती पुढं करायचे. अपघात नाही, हीच त्यांची ओळख. जमीन नाही, जुमला नाही, लेक सणालाही येत नाही. अपघात नाही, एवढंच.

जेवायला बसताना विचारायचे, "किती मिन्टं थांबायचं?" मी म्हणायची, घरच हाय, बसा निवांत. तरी भराभर उरकून, हात धुऊन पायरीवर उभे. आणि एवढं असून दुसऱ्या कुणी घाई केली की म्हणायचे, "घाई त्याची, गाडी माझी." बीडच्या सरकारी दवाखान्यात मागच्या माणसानं पुढं सरका म्हटलं तरी हेच. सुई टोचणाऱ्या नर्सबाईलाही हेच म्हणाले. तिनं जरा जास्तच जोरात टोचली.

सगळ्यात वाईट खोड घंटीची. एसटीत कंडक्टर एक घंटी मारतो ती थांबायची, दोन मारतो ती निघायची. डायव्हर दोन घंट्यांशिवाय जागचे हलायचे नाहीत. बाजारला निघाले की उंबऱ्यात उभे राहायचे. मी चुलीपुढून चिमटा तव्यावर दोनदा वाजवायचा, मग पाऊल उचलायचे. वैतागून मी एकदा वाजवलाच नाही. बऱ्याच वेळानं बाहेर आले तर उंबऱ्यातच होते. "काहून गेला न्हाई?" म्हटलं. "पशिंजर चढत असतील म्हनलं," म्हणाले.

तर अशा माणसाला लेकानं एक फोन पाठवला आणि त्या फोनमध्ये त्यांना ती होडी दिसली.

एक गोरा माणूस पाण्यात खुर्ची टाकून बसल्यासारखा बसला होता. पायांनी होडी हाकत होता आणि दोन्ही हातांनी मासा ओढत होता. डायव्हरनी ते मला इतक्या वेळा दाखवलं की तो मासा माझ्या ओळखीचा झाला.

"मावशी, त्याचे हात बघा. मोकळे हायेत."

"मंग?"

"माझे कधी व्हते? सगळी उमर स्टेरिंगला चिटकून गेली. नाकावर माशी बसली तरी थांब्याची वाट बघायची."

हे मात्र खरं होतं. रिटायर झाल्यावरही ते पायरीवर हात पुढं धरूनच बसायचे. गल्लीतलं कुत्रं आडवं गेलं की हात जरा डावीकडं वळायचे.

"पन तुमी तर मासा खात न्हाई. मी बोंबील भाजला तर अंगणात झोपता. मासे धरून करनार काय?"

"फेरीला कारन लागतं, मावशी. रिकामी गाडी फिरिवता येत न्हाई."

मग होडी निवडायची सुरुवात झाली. दुकानदार मुंबईचा. डायव्हर फोन पाट्यावर उभा करायचे आणि समोर खाकी घालून बसायचे. दुकानदार पोरगा चांगला होता, शेवटपर्यंत चिडला नाही. त्याचं आणि यांचं बोलणं मी शेंगा फोडत ऐकायची.

"मायलेज किती?"

"काका, ती पायांनी चालते. डिझेल लागत नाही."

"लायसन कोनतं?"

"लायसनही लागत नाही."

डायव्हरचं तोंड उतरलं. "मंग ती कुनीबी चालवंल!"

"हो काका, तेच तर चांगलं आहे."

"त्यात काय चांगलं हाय?"

स्टेरिंग कुठंय विचारलं तर पोरानं डाव्या हाताची एक बारकी दांडी दाखवली. ती फिरवली की मागची पट्टी वळते आणि होडी वळते. "एवढ्याशा दांडीनं?" डायव्हर म्हणाले. "म्हंजे गाडी वळवायची का पातेल्यातलं वरन ढवळायचं?"

पायडलाच्या होड्या दोन जातीच्या निघाल्या. एकीला सायकलसारखं पायडल. गोल फिरवलं की खालचा पंखा फिरतो, उलटं फिरवलं की होडी मागं येते. दुसरीला दोन पायडलं शेजारी शेजारी. एकदा डावं दाबायचं, एकदा उजवं. खाली बदकाच्या पायांसारखे दोन पंख हलतात आणि होडी पुढं जाते. फक्त पुढं. मागं घ्यायची तर हातात वल्हं घ्यायचं.

मी चौथी शिकलेली बाई. मला त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं, तरी मी म्हटलं, "सायकलवाली घ्या. मागं येती."

"मावशी, मी हेवी लायसनवाला. मला सायकल चालवाय लावता?"

"आन् ह्या दुसरीला रिव्हर्स न्हाई त्याचं काय?"

"रिव्हर्सला मागं कंडक्टर लागतो, 'यीऊ द्या, यीऊ द्या' म्हननारा. पान्यात माझ्या मागं कोन उभं ऱ्हानार? नगंच ती भानगड."

खरं कारण वेगळं होतं. त्या दुसऱ्या होडीची दोन पायडलं त्यांच्या पायांना पटली होती. पायरीवर बसून ते हवेत डावा, उजवा पाय दाबायचे. "ह्यो क्लच, ह्यो ब्रेक."

"काका, त्यात ब्रेक नाही," फोनमधून पोरगं म्हणालं.

"दिसतोय की."

"काका, ते दाबलं की होडी पुढं जाते."

"बरं बरं. रंग लाल हाय का?"

लाल होता. घेतली. तीही दोन सीटची, कारण कंडक्टरची सीट नसलेली गाडी त्यांना गाडी वाटत नव्हती.

ट्रकमधून होडी आली तेव्हा अर्धं गाव बघायला जमलं. मागच्या सीटपुढंही पायडलांचा एक जोड होता. तो त्यांनी त्याच दिवशी काढून माळ्यावर टाकला. "कंडक्टरनं गाडी चालवायची नसती." नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, हिला चाक नाही. मग लिंबू मातीत ठेवलं आणि चौघांनी होडी त्यावरून ओढली. लिंबू फुटलं नाही. मला तेव्हाच काय ते समजलं.

त्या होडीच्या तळाला कारखान्यातूनच भोकं पाडलेली होती. ती बघून डायव्हर दोन घास कमी जेवले. फोन लावला.

"काका, ती भोकं आत आलेलं पाणी बाहेर जायला असतात."

"आन् बाहेरचं आत यायला लागलं तर? त्याला कोन अडवनार, तू?"

चिंध्या आणि डांबर घेऊन त्यांनी सगळी भोकं बुजवली. मग सजावट. पुढं आरसा, रबरी भोंग्याचा हॉर्न, सीटला टॉवेल. डब्यावर लाल फुली काढून प्रथमोपचार पेटी केली. आत काही ठेवलं नाही, एसटीतही नसतं म्हणाले. गळ लावायच्या काठीसाठी बाजूला नळकांडी होती, त्यात उदबत्त्या खोचल्या. मागच्या सीटपासून पुढच्यापर्यंत दोरी आणि दोरीला घंटी. आणि आग विझवायला वाळूची बादली.

"पान्यात आग कशी लागंल?"

"नियम हाय."

माशांचा पत्ता लावणारं एक यंत्रही घेतलं होतं. पाण्याखाली मासा असला की त्याच्या काचेवर ठिपका दिसायचा. डायव्हर तासन्‌तास ते ठिपके बघायचे. "पशिंजर लई हायेत," म्हणायचे, "पन हात कुनी करीना." गळ टाकायला त्यांचा हात उठायचा नाही. ज्यानं हात केला नाही त्याला गाडीत कसं ओढायचं, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात असावं. पाण्यात मोकळे हात मांडीवर ठेवून बसायचे. कधी कधी डोक्यावर ठेवायचे. एवढ्यासाठी माणसानं होडी घ्यावी का, हे मी ठरवणारी कोण?

रोज सकाळी मला काठावर जाऊन दोन घंट्या माराव्या लागायच्या. मग ते निघायचे. परत आले की पाण्यात थोडं लांब फिरत राहायचे, मी वाटीवर एकदा चमचा वाजवला की मग काठाला लागायचे. एक दिवस मी सकाळीच बीडला बाजारला गेले आणि विसरले. दुपारनंतर रिक्षातून उतरले तर डायव्हर काठावरच होते, होडीत बसलेले, तोंड पाण्याकडं, नाक उन्हानं सोललेलं.

"गेला न्हाई?"

"डबल घंटी कुठं मिळाली?"

मी त्या होडीत कधीच बसणार नव्हते. पण पलीकडच्या काठाला माझ्या लेकीची वस्ती आहे. एक शेळी तिला द्यायची ठरली होती. शेळी व्यायला टेकली होती, तिला पायी एवढा वळसा चालवणं नको वाटलं, आणि नेमकं रस्त्यावरच्या पुलाचं काम काढलेलं. डायव्हर म्हणाले, "मावशी, आपली गाडी असताना?" मी नको म्हटलं. ते पशिंजर मिळाल्यासारखे उठून खाकीला इस्त्री करायला लागले. मग मला हो म्हणावं लागलं. इस्त्री केलेल्या माणसाला परत पाठवता येत नाही.

होडीबरोबर पाण्यात तरंगायचं एक नारिंगी जाकीट आलं होतं. नव्या वस्तूचं प्लास्टिक काढायचं नसतं म्हणून ते पिशवीसकट सीटला टांगलेलं. डायव्हर मला म्हणाले, "घाला." मी म्हटलं, "फुगलेली गोधडी घालून जावयाच्या दारात उतरू का? तुमी घाला."

"चालकाला खाकीवर काय घालता येत न्हाई. पशिंजरनं घालायचं. एकानं तरी घालाच."

वाद नको म्हणून मी ते शेळीला घातलं. पुढचे पाय हातांच्या जागी घालून पोटाखाली पट्टे आवळले. प्लास्टिक तसंच. शेळी माझ्याकडं बघत राहिली. तिची नजर मला आवडली नाही.

मी दोन घंट्या मारल्या आणि आम्ही निघालो.

डायव्हर चांगले चालवत होते, हे सांगायला पाहिजे. एक डावा, एक उजवा, पाठ ताठ, छातीवर बिल्ला चमकतोय. वारा होता. लाटांचं पाणी आत येत होतं आणि भोकं बुजवलेली असल्यानं आतच राहत होतं. माझी पावलं घोट्यापर्यंत भिजली. "गळतंय," मी म्हटलं. "पावसाळ्यात समद्याच गाड्या गळत्यात," ते म्हणाले.

पलीकडचा काठ दिसायला लागला तेव्हा मला म्हशी दिसल्या. गवळ्यानं पाण्यात सोडलेल्या, नुसती डोकी वर. डायव्हर आरशात शेळी बघत होते. मी दोरी ओढली. एक घंटी. थांबा.

"इथं थांबा न्हाई, मावशी."

म्हणून मी आणखी एकदा ओढली. त्या दोन झाल्या. दोन म्हणजे चला. डायव्हर चालले.

मग त्यांना म्हैस दिसली, आणि पुढचं मी आधीच सांगितलं आहे. म्हशीला फार लागलं नाही. तिनं नुसती मान झटकली. पण शेळी मांडीवरून उठली, मी एका अंगाला कलले, वाळूची बादली माझ्या मागं आली आणि होडीत साचलेलं सगळं पाणी त्याच बाजूला आलं. होडी उलटली.

पाण्याखाली काय असतं ते मी बघितलं. काही नसतं. हिरवं असतं. वर आले तेव्हा हाताला जे लागलं ते धरलं. तो शेळीच्या जाकिटाचा पट्टा होता. शेळी बुचासारखी तरंगत होती आणि पाय मारत काठाकडं निघाली होती. वैतरणी गाईचं शेपूट धरून पार करतात म्हणे. शेळीचं शेपूट बोटभर. मी पट्ट्यावर भागवलं.

मागं डायव्हर उलट्या होडीला धरून ओरडत होते, "सावकाश उतरा! सामान संबाळा!" मी ओरडले, "सोडा ती, इकडं या!" तर म्हणतात, "पशिंजर उतरल्याबिगर चालक गाडी सोडत न्हाई!"

माझे पाय चिखलाला टेकले. मी वळून सांगितलं, उतरलो. डायव्हरनी मान हलवली, एका हातानं छाती चाचपली, आणि त्यांचा चेहरा असा झाला की तसा मी बुडतानाही नव्हता बघितला.

"बिल्ला!"

त्यांनी होडी सोडली आणि डोकं पाण्यात घातलं. त्यांनाही पोहता येत नव्हतं. वर आले, श्वास घेतला, पुन्हा गेले. दुसऱ्यांदा वर यायला फार वेळ लागला. तिसऱ्यांदा आलेच नाहीत. काठावरचा गवळी धोतर सोडायलाही थांबला नाही. पाण्यात उडी टाकून त्यानं खाकीची कॉलर धरली आणि म्हशीच्या रेडकाला ओढावं तसं त्यांना ओढून आणलं.

"मरतो का बे डायव्हर! आधी म्हशीवर गाडी घातली, आता सोता मरतो!"

डायव्हरनी पाणी ओकलं. मग पहिलं बोलले ते, "मी हॉर्न दिलता."

"म्हशीला काय लायसन हाय का!" गवळी म्हणाला.

ओल्या कपड्यांनी डायव्हर म्हशीभोवती फिरले. खरचटलंय का बघितलं. नाही. मग माझ्याकडं वळले. "तुमी डबल दिलती."

"एक एक दोनदा दिलती."

"त्यालाच डबल म्हनत्यात." हात पुढं धरलेले होते, रिकामे. "मावशी, तुमी पशिंजर व्हता. तुमी सांगा. ह्यो अपघात झाला का?"

मी खोटं बोलत नाही. त्याचा मला अभिमान नाही, मला जमतच नाही. म्हटलं, "म्हशीला धडकला, गाडी उलटली, मी बुडाले. ह्याला काय वरात म्हनू?"

ते परत पाण्याच्या कडेला जाऊन खाली बघायला लागले.

होडी बुडालेली नव्हती. मासे धरणाऱ्या माणसांनी ती थर्माकोलच्या तराफ्याला बांधून आणून दिली. दुसऱ्या दिवसापासून डायव्हर गळ टाकायला लागले. गळाला लोहचुंबक बांधलेला. पितळेला लोहचुंबक लागत नाही, हे मी त्यांना सांगितलं. "मागची पिन लोखंडाची हाय," म्हणाले. रोज मी दोन घंट्या मारायची, रोज ते म्हशीच्या जागेवर जाऊन बसायचे. विळा मिळाला, सायकलची चेन मिळाली, गाडगंभर खिळे मिळाले. आता त्यांचे हात मोकळे नव्हते. जेवताना एकच विचारायचे, "मावशी, अपघात व्हता का त्यो?" मी म्हणायची, होता. ते अर्धी भाकरी ठेवून उठायचे. वाळले. पायरीवर बसले तरी हात पुढं धरेनात. लोक मला म्हणाले, म्हातारे, न्हवता म्हन की, तुझं काय जातंय? पण होता तर होता.

शेवटी एका जेवणाला मला सुचलं. मी म्हटलं, "डायव्हर, अपघाताचं मला इचारू नका. त्यो तुमच्या साहेबांनी ठरवायचा. मी पशिंजर. मला चढन्या-उतरन्याचं इचारा."

त्यांनी घास थांबवला. "किती चढले?"

"तिघं."

"उतरले?"

मी सांगितलं. त्यांनी ताटातली सगळी भाकरी संपवली, आणखी एक मागून घेतली, आणि पायरीवर जाऊन हात पुढं धरून बसले. त्यानंतर कधी विचारलं नाही. बिल्ला अजून धरणातच आहे. डायव्हर मागच्या साली गेले, झोपेत, अंथरुणावर, विना अपघात. लेक आला आणि होडी विकून गेला.

मी सांगितलं होतं ते असं. पलीकडं गेल्यावर त्याच संध्याकाळी शेळी लेकीच्या गोठ्यात व्याली. दोन पाटी झाल्या, दोन्ही माद्याच. चढलो तिघं, उतरलो पाच. मी, डायव्हर, शेळी आणि तिची दोन पिल्लं. सगळे जगले.